वाचक विचारतात : आधी ढेलज, मग दर्शनी भाग

प्रश्न : लातूर जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी काही चित्रकार, निवृत्त कलाशिक्षक आणि व्यापारी मंडळींनी मिळून समकालीन कलेचे छोटे संग्रहालय उभारायचे ठरवले आहे. आठवडी बाजाराला लागून, जुन्या बारवेच्या शेजारी, दीड एकर जागा बक्षीसपत्राने मिळाली आहे. आराखड्यात समोर संपूर्ण काचेची भिंत असून तिच्यावर अजिंठ्याच्या चैत्यगवाक्षाची कमान दाखवली आहे. इमारत परिसराशी जोडलेली असावी, असा सर्वांचा आग्रह आहे. हा आराखडा त्या कसोटीला उतरतो का?
— एक वाचक, लातूर जिल्हा

उत्तर : माझ्या मते उतरत नाही. डोंगराच्या पोटात खोदलेल्या चैत्यगृहात आतल्या स्तूपापर्यंत उजेड पोहोचवणे, हे अजिंठ्यातील त्या गवाक्षाचे काम होते. तीनशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या आपल्या गावी, जी भिंत मुळातच पारदर्शक आहे तिच्यावर तीच कमान चिकटवली, तर तिला कोणतेही काम उरत नाही. आपला परिसर म्हणजे बाजार, बारव, काळी माती आणि चैत्र-वैशाखाचे ऊन. इमारतीला जोडून घ्यायचे आहे ते यांच्याशी.

मराठवाड्यातील जुन्या वाड्याची ढेलज आठवून पाहावी. दिंडी दरवाजातून आत पाऊल टाकले की डोळ्यांवरचे ऊन उतरते, दोन्ही हातांना बसायला ओटे असतात, आणि घरात न शिरताही टपालवाल्याला, कासाराला किंवा पाणी मागणाऱ्या वाटसरूला तिथे टेकता येते. आतला चौक दिसतो, पण तिथवर जाण्याची सक्ती नसते. आपल्या संग्रहालयाला पहिली गरज आहे ती अशा जागेची : बाजाराच्या बाजूने उघडी, सावलीची, पिण्याच्या पाण्याची आणि स्वच्छतागृहाची सोय असलेली, जिथे भाजी विकून झालेली बाई टोपली खाली ठेवून बसेल आणि बसल्या जागेवरून तिला आतले एखादे मोठे शिल्प दिसेल. हे ठरल्यानंतर दर्शनी भाग कसा दिसावा, हा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो.

काचेचा आग्रह कोठून येतो, हे समजण्यासारखे आहे. जपानमधील कानाझावा शहरात २००४ साली उघडलेले समकालीन कला संग्रहालय ११२.५ मीटर व्यासाचे, काचेच्या भिंतीचे वर्तुळ आहे. त्याला एकाहून अधिक बाजूंनी प्रवेश आहे आणि बाहेरच्या कड्यात तिकिटाविना फिरता येते. घेण्यासारखी गोष्ट ती मोकळीक आहे, काच नव्हे, कारण कानाझावा हे पावसाचे, हिमाचे आणि ढगाळ आभाळाचे गाव आहे. आपल्याकडे काचेचा दर्शनी भाग असलेल्या एका कलादालनात मी एप्रिलमध्ये गेलो होतो, तेव्हा बाहेरून रोपवाटिकेची हिरवी जाळी ताणलेली होती आणि दरवाजाच्या पोलादी मुठीला दुपारी हात लाववत नव्हता. त्यापेक्षा भोपाळचे भारत भवन हे कलाकेंद्र पाहून यावे. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८२ साली पूर्ण केलेल्या या वास्तूत वरून प्रवेश करून गच्च्या आणि चौकांतून तलावाच्या दिशेने खाली उतरत जायचे असते. बाहेरून इमारत अशी फारशी दिसतच नाही.

मात्र जमिनीत उतरण्याचा मोह होण्यापूर्वी खड्डे घेऊन माती तपासावी. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे पाया मुरमापर्यंत किंवा पक्क्या खडकापर्यंत न्यावा लागतो. शिवाय बारवेजवळ खोल खोदकाम केल्यास तिचे झरे तुटण्याची भीती असते, आणि बारव आटवून तिच्या काठी पाण्याविषयीची चित्रे मांडणे बरे दिसणार नाही.

उजेडाबद्दल एक सावधगिरी. उत्तरेचा उजेड चित्रांना चांगला, हे युरोपीय पुस्तकांतले वचन आपल्याकडे पुरते लागू पडत नाही. लातूरच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्यावरून उत्तरेकडे झुकलेला असतो, म्हणून उत्तरेच्या झरोक्यांनाही पडदी हवी. कागदावरील चित्रे आणि वस्त्रे यांच्यासाठी साधारण ५० लक्सपर्यंतचा (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) प्रकाश सुरक्षित मानला जातो, आणि उन्हाळ्यात बाहेर तो एक लाखाच्या घरात असतो. बाहेरून आलेल्या डोळ्यांना हा फरक पचवायला वेळ लागतो. ढेलज, मग ओसरी, मग दालन असा टप्प्याटप्प्याने कमी होणारा उजेड ठेवला, तर अंधूक दालनही अंधारे वाटत नाही.

प्रश्न : याच जागेवर माळवदाचा, म्हणजे मातीच्या सपाट छताचा, एक जुना वाडा आहे. किल्लारीच्या भूकंपानंतर अशा घरांची लोकांना धास्ती वाटते. तो पाडावा का?

उत्तर : तपासल्याशिवाय पाडू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जीव गेले ते मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती कोसळून आणि माळवदावर वर्षानुवर्षे चढत गेलेल्या पांढऱ्या मातीच्या ओझ्याने. भिंतीचे आतले आणि बाहेरचे थर एकमेकांना बांधणारे, आरपार जाणारे दगड नव्हते, म्हणून ते थर सुटले. ज्या घरांत लाकडी खांब आणि तुळयांचे खण पक्के होते, तिथे भिंती पडूनही सांगाडा उभा राहिल्याची उदाहरणे आहेत. तेव्हा लाकडाला वाळवी लागली आहे का, हे पाहून घ्यावे, वरची माती उतरवून हलके छत घालावे आणि भिंतींना आरपार बांधणी व पट्टे द्यावेत. हे काम संरचना अभियंत्याच्या लेखी सल्ल्यानेच करावे. मूळ खण उघडे ठेवावेत. चित्रे टांगण्यासाठी स्वतंत्र पडद्या उभाराव्यात, म्हणजे जुन्या भिंतीत खिळे मारावे लागणार नाहीत.

प्रश्न : तिकीट असावे का?

उत्तर : दालनांना माफक असावे, ढेलजेला मुळीच नसावे. साप्ताहिक सुट्टी मात्र सरकारी शिरस्त्याने सोमवारी न ठरवता आधी आपला बाजार कोणत्या वारी भरतो ते पाहावे, आणि त्या दिवशी दालने दिवेलागणीनंतर तासभर तरी उघडी ठेवावीत. विक्री आटोपून लोक मोकळे होतात ते त्याच वेळी.