अद्भुत कादंबऱ्यांतल्या नावांच्या गर्दीत हरवायला होतं. त्या वाचण्यात आनंद कसा मिळवायचा?

तुम्ही म्हणता की दोन गाजलेल्या मालिका हातात घेतल्या आणि दोन्ही शंभर पानांच्या आत सोडल्या, कारण राज्यं, घराणी, नद्या, अगदी तलवारींनाही नावं, आणि त्यातलं एकही लक्षात राहत नाही. तरीही आणखी एक मालिका घेऊन बघा असं मी म्हणेन: अर्सुला ले ग्विन यांची 'अर्थसी'. नावं तिथेही भरपूर आहेत, पण त्या जगात नाव हीच जादू आहे.

हे जग म्हणजे समुद्रात विखुरलेली शेकडो बेटं. तिथल्या प्रत्येक दगडाला, पक्ष्याला, माणसाला एक खरं नाव असतं, आणि ते ज्याला कळलं त्याची त्या वस्तूवर सत्ता चालते. म्हणून माणसं आपलं खरं नाव जपून ठेवतात आणि चारचौघांत वेगळ्याच नावाने वावरतात. पहिल्या पुस्तकातला शेळ्या राखणारा पोरगा लहानपणी डनी असतो. तो आकाशातले शिकारी पक्षी हाक मारून खाली बोलावतो, म्हणून गाव त्याला स्पॅरोहॉक म्हणू लागतं. तेराव्या वर्षी ओगियन नावाचा मांत्रिक त्याला नदीच्या गार पाण्यातून पलीकडे यायला लावतो आणि हळूच त्याचं खरं नाव सांगतो: गेड.

हे वाचताना मला परकं काहीच वाटलं नाही. बारशाला आत्या बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगते. शिवाय पत्रिकेतलं नावरस नाव वेगळंच असतं, आणि आमच्या घरात ते बाहेर कुणाला सांगायची पद्धत नव्हती. माझं मला आईकडून कळलं तेव्हा मी कॉलेजात होतो.

रोक बेटावरच्या जादूच्या शाळेत एक गुरू फक्त नावं शिकवतो. एका लहानशा बेटाच्या किनाऱ्यावरचं प्रत्येक टोक, प्रत्येक खाडी, प्रत्येक खडक यांची नावं. मध्यरात्री कागदावरची शाई उडून जाते, त्याच्या आत ती पाठ झाली पाहिजेत. तुमची जी तक्रार आहे ना, ती इथे मुलांच्या शिक्षणाचाच भाग आहे! पण वाचक म्हणून तुम्हाला काहीही पाठ करायचं नाही. नकाशाकडे सुरुवातीला बघूसुद्धा नका. मात्र कोण कुणाला कोणत्या नावाने हाक मारतो तेवढं लक्षात ठेवा, कारण गोष्ट तिथेच घडते. गर्वापायी गेडच्या हातून एक भयंकर चूक होते. चेहऱ्यावर व्रण घेऊन तो उठतो, त्याची सगळी ऐट गेलेली असते, आणि अशा वेळी त्याचा मित्र व्हेच आपलं खरं नाव त्याला सांगून टाकतो. त्या जगात ते सांगणं म्हणजे आपला जीव दुसऱ्याच्या हवाली करणं. मैत्रीबद्दल इतकं साधं आणि इतकं मोठं मी फार कमी ठिकाणी वाचलंय. त्या पानापाशी पुस्तक मिटून मी बराच वेळ बसून राहिलो होतो.

दुसरं पुस्तक, 'द टूम्स ऑफ अटुआन', माझं सर्वांत आवडतं. टेनार नावाच्या पाच-सहा वर्षांच्या मुलीला थडग्यांची पुजारीण करतात आणि तिचं नाव काढून घेतात. पुढे ती फक्त आर्हा, म्हणजे गिळली गेलेली. वर्षानुवर्षं ती त्या थडग्यांपाशी वाढते, आणि पुढे त्यांच्याखालच्या काळोख्या भुयारांत वावरू लागते. मग तिथे कैद झालेला गेड तिला तिच्या जुन्या नावाने हाक मारतो.

माझ्या आजीचं नाव लग्नात बदललं होतं. ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं, आणि माहेरच्या नावाने हाक मारणारा पुढे एकच माणूस उरला, तिचा भाऊ. ते दारातून हाक मारत आले की आजीचा आवाजच बदलायचा. ते का, हे मला टेनारमुळे कळलं.

आता क्रमाचं. 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (1968), मग अटुआन (1971), मग 'द फार्देस्ट शोअर' (1972). पुस्तकं छोटी आहेत, दोनशे पानांच्या आसपास. इंग्रजी सोपं आहे पण लय संथ, म्हणून एखादं पान मोठ्याने वाचून बघा, गोडी लवकर लागते. तिसऱ्याची सुरुवात मला जरा जड गेली, पण शेवटाकडे ते फार उंच जातं. त्यानंतर मात्र थांबा. चौथं, 'टेहानू', ले ग्विन यांनी अठरा वर्षांनी, 1990 मध्ये प्रसिद्ध केलं. तुम्हीही मध्ये काही महिने जाऊ द्या. ('टेल्स फ्रॉम अर्थसी' आणि 'दि अदर विंड' ही 2001 ची दोन पुस्तकं त्याच्याही नंतर.)

'टेहानू'त टेनार परत भेटते. आता ती मध्यमवयीन आहे, शेतकऱ्याची विधवा, एका भाजलेल्या पोरीला सांभाळणारी. गावातली माणसं तिला गोहा म्हणतात. त्या बेटावर जाळं विणणाऱ्या छोट्या पांढऱ्या कोळ्याला गोहा म्हणतात. खरं नाव माहीत असलेली माणसं तिथेही अगदी मोजकीच आहेत.