‘न्यायप्रवेश’ नको, दाद आहे ना!

विचारणा अशी: तंत्रज्ञान आणि कायदा या विषयावरच्या लेखाचं मराठी करताना ‘अल्गोरिदमची पारदर्शिता’ लिहावं की ‘पारदर्शकता’? आणि ‘ॲक्सेस टू जस्टिस’ला ‘न्यायप्रवेश’ चालेल का?

पहिला भाग पटकन संपवतो. पार म्हणजे पलीकडचा काठ. तो ज्याला दिसतो तो पारदर्शी, जो दाखवतो तो पारदर्शक. म्हणून ऋषी पारदर्शी आणि काच पारदर्शक. अल्गोरिदमने, म्हणजे संगणकाला घालून दिलेल्या निर्णयाच्या रीतीने, आपलं आतलं काम दाखवावं अशी मागणी आहे, तेव्हा पारदर्शकता. हिंदीत पारदर्शिता रुळला आहे, तिथे तो राहू दे. मात्र संगणकवाल्यांच्या बोलीत ‘ट्रान्सपरंट’ म्हणजे वापरणाऱ्याला जी जाणवतच नाही अशी यंत्रणा, म्हणजे कायद्यातल्या अर्थाच्या नेमकं उलट. तिथे ‘पारदर्शक’ लिहून वाचकाला फसवू नका, सरळ ‘न जाणवणारी’ लिहा.

आता न्यायप्रवेश. हा शब्द परिसंवादांत ऐकून ऐकून कान विटले. प्रवेश शाळेत मिळतो, नाटकात असतो. न्यायात कसला प्रवेश? ‘न्यायापर्यंत पोहोच’, ‘न्यायसुलभता’, ‘न्यायाची उपलब्धता’ ही सगळी त्याचीच भावंडं. ‘ॲक्सेस’चा प्रतिशब्द शोधण्यात सगळे इतके गुंतलेत की मराठीत ही अख्खी कल्पना एका दोन अक्षरी शब्दात शेकडो वर्षं नांदते आहे, हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. दाद. दाद मागणे, दाद घेणे, दाद लागणे, दाद न देणे.

हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. तिथे दाद म्हणजे न्याय. इराणमध्ये आजही न्यायालय म्हणजे दादगाह, अन्याय म्हणजे बेदाद. त्याच्या मागे जुन्या फारसीतला ‘दात’, म्हणजे कायदा. इराणचा सम्राट पहिला दारियस याने इसवीसनापूर्वी सहाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या बेहिस्तूनच्या कड्यावर जो लेख कोरवून घेतला, त्यात हे देश माझ्या ‘दात’प्रमाणे वागले असं तो सांगतो. हाच शब्द हिब्रूत ‘दत’ होऊन गेला. तिथे आधी त्याचा अर्थ कायदा होता, आज धर्म असा आहे.

काही व्युत्पत्तिकार दादचा संबंध संस्कृत ‘दा’शी, म्हणजे देण्याशी जोडतात. न्याय ‘दिला’ जातो म्हणून दाद, असं त्यांचं म्हणणं. ऐकायला गोड आहे, पण हे नुसतं कानाने केलेलं भाषाशास्त्र झालं. इराणी भाषांमध्ये महाप्राण, म्हणजे ध, भ यांतला ‘ह’कार, गळाले: आपला भ्राता तिकडे बिरादर, आपली भूमी तिकडे बूम. तसाच ‘ध’चा ‘द’ झाला, त्यामुळे दा आणि धा हे दोन्ही धातू तिकडे एकसारखेच दिसतात. कायदा या अर्थाचा ‘दात’ येतो तो धा-पासून: ठेवणे, घालून देणे. कायदा म्हणजे घालून दिलेलं. याच धा-चं संस्कृत कृदंत आधी ‘धित’ आणि पुढे ‘हित’. त्याला वि जोडला की विहित! विधी, विधान, विधिमंडळ ही सगळी याच घरची मंडळी. म्हणजे ‘विहित नमुन्यात अर्ज करावा’ मधला विहित आणि ‘दाद मागावी’ मधली दाद या सख्ख्या बहिणी आहेत. एक संस्कृताच्या वाटेने आली, दुसरी इराणच्या. ऑनलाइन अर्जात विहित नमुन्याची एक चौकट रिकामी राहते, अर्ज पुढे सरकत नाही, आणि माणसाची दाद तिथेच अडकते. एका बहिणीने दुसरीला उंबऱ्यावर थांबवलेलं असतं. या व्युत्पत्तीवरून माझं मन काही केल्या हलत नाही.

मैफलीतली दाद हा वेगळा शब्द आहे असं कोशात दोन नोंदी करून सुचवणाऱ्यांशीही माझं पटत नाही. फारसीत एखाद्या गोष्टीची ‘दाद देणे’ म्हणजे तिला तिचा न्याय देणे. चांगल्या शेराची दाद देणारा रसिक त्या शेराला न्यायच देत असतो. शब्द एकच आहे.

आता तुमच्या लेखाकडे येतो. माउरो कापेलेत्ती आणि ब्रायंट गार्थ या कायद्याच्या अभ्यासकांनी 1978 साली ‘ॲक्सेस टू जस्टिस’चे दोन भाग सांगितले: यंत्रणेकडे सगळ्यांना सारखंच जाता यायला हवं, आणि तिथून निघणारा निकाल न्याय्य असायला हवा. मराठीत हे दोन क्रियापदांत आहे. पहिलं दाद मागणे, दुसरं दाद लागणे. ‘प्रवेश’मध्ये फक्त पहिलं बसतं, दुसरं दाराबाहेरच राहतं.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचा लूमिस खटला घ्या. शिक्षा ठरवताना न्यायाधीशाने कॉम्पास नावाच्या सॉफ्टवेअरने काढलेला, आरोपी पुन्हा गुन्हा करण्याच्या धोक्याचा गुणांक विचारात घेतला. गुणांक आरोपीला दाखवला गेला, पण तो कोणत्या घटकाला किती वजन देऊन काढला हे कंपनीचं व्यापारी गुपित राहिलं. 2016 साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने काही इशारे देऊन शिक्षा कायम ठेवली, आणि पुढच्या वर्षी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. दाद मागता आली, लागली नाही. उलट नेदरलँड्समध्ये कल्याणकारी योजनांतली फसवणूक हुडकायला सरकारने ‘सिरी’ (SyRI) ही प्रणाली आणली होती. आपल्याबद्दल धोक्याचा अहवाल तयार झालाय, हे त्या माणसाला आपणहून कळवलंही जात नसे. हेगच्या न्यायालयाने 5 फेब्रुवारी 2020 रोजी तिचा कायदा युरोपीय मानवी हक्क कराराच्या कलम 8 मध्ये, म्हणजे खासगी आयुष्याच्या हक्कात, बसत नाही असा निकाल दिला. कारण: प्रणाली पुरेशी पारदर्शक नाही आणि तिची पडताळणीही करता येत नाही. इथे दाद लागली. आणि पारदर्शकतेचं दादेशी नातं काय हेही इथेच कळतं: निर्णय कशाच्या आधारावर झाला हे माहीत नसेल तर माणूस दाद मागणार कशाविरुद्ध?

तेव्हा ‘ॲक्सेस टू जस्टिस’ला ‘दाद मागण्याची सोय’ लिहा, आणि निकालापर्यंतचा सगळा पल्ला अभिप्रेत असेल तिथे ‘दाद लागणे’. कृपा करून त्याजागी ‘तक्रार निवारण’ घालू नका. तक्रार मूळ अरबी, आणि तिथे तिचा अर्थ आहे ‘तेच तेच पुन्हा म्हणणे’. यंत्राकडून तयार उत्तर आलं की माणूस तीच गोष्ट नव्या क्रमांकाने पुन्हा लिहितो, तिला तक्रार जरूर म्हणा. दाद मात्र कुणीतरी ऐकून, कारण देऊन निकाल केला तरच लागते.