दलाली कोण देतो, ते आधी सांग

ठाणे

चिरंजीवास,
अनेक आशीर्वाद.

ऐरोलीच्या नव्या प्रकल्पात तीन घरे विकलीस, हे वाचून आनंद झाला. मात्र त्याच पत्रात तू लिहिले आहेस की गिऱ्हाइकाला ‘आमची सेवा मोफत आहे’ एवढे सांगितले की निम्मे काम होते, आणि त्या वाक्यापाशी मी अडलो.

मी नौपाड्यात बसू लागलो तेव्हा घेणारा आणि देणारा असे दोघेही दलाली देत, कुरकुरत देत, पण आपण किती देतो हे त्यांना ठाऊक असे. आता तू चॅनल पार्टनर आहेस, म्हणजे बिल्डरच्या वतीने घरे विकणारा दलाल. पैसे बिल्डर देतो, विक्री वाढली की टक्काही वाढतो, आणि मग नोकरी बेलापूरला असलेल्या माणसाला आपण लांबच्या घोडबंदर रोडची साइट का दाखवत आहोत, याचे खरे उत्तर त्याला सांगण्यासारखे उरत नाही. या पद्धतीला माझा विरोध नाही; खोटा आहे तो ‘मोफत’ हा शब्द, कारण ती दलाली शेवटी घराच्या किमतीतूनच येते.

महारेराचे, म्हणजे गृहप्रकल्पांवर आणि दलालांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचे, नियम तुला पाठ आहेत. एजंटाने स्वतःच्या नोंदणीशिवाय नोंदणीकृत प्रकल्पातले घर विकल्यास दिवसाला 10 हजार रुपये दंड होतो आणि तो घराच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत चढू शकतो. 2023 मध्ये सुरू झालेल्या एजंटांच्या परीक्षेला मीही बसलो, नातवाच्या वयाच्या मुलांशेजारी. पण करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, ही गोष्ट आपल्या गिऱ्हाइकांपैकी किती जणांना तू आपण होऊन सांगितलीस?

शिवाय एजंटाची ही नोंदणी नव्या प्रकल्पांसाठी आहे. जुन्या घरांच्या रिसेलमध्ये तुझ्यावर पहारा तुझाच. वाशीतल्या एका रिसेलमध्ये मी मोठी चूक केली. जमीन सिडकोच्या, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या, भाडेपट्ट्यावरची, म्हणजे हस्तांतराला सिडकोची परवानगी हवी आणि तिचे शुल्कही भरायचे. ते कोण भरणार, हे मी टोकन घेताना बोललोच नाही, कारण सौदा मोडेल अशी भीती होती. ऐन वेळी तो बोजा एका निवृत्त शिक्षकावर आला. मी दोन्ही बाजूंची दलाली परत केली, तरी त्या गृहस्थांनी पुन्हा कधी माझ्या दुकानाची पायरी चढली नाही.

तेव्हापासून मी पहिल्याच भेटीत एक कागद देतो: मला कोण पैसे देणार, किती देणार आणि कोणत्या टप्प्यावर देणार. काही जण तो वाचून उठून जातात. येत्या रविवारच्या साइट व्हिजिटला तसा कागद तूही घेऊन जा आणि किती जण उठले, ते मला कळव.

तुझा,
काका