नाना, दारात कोण आलं होतं?

“मॅडम, खायला-प्यायला आहे, पोरं मार्गी लागली, डोक्यावर कर्ज नाही. पण हे सगळं कशासाठी, तेच कळेनासं झालंय.”

जळगावात समुपदेशनासाठी माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून हे इतक्या जणांनी म्हटलंय, की आता पहिल्या चार शब्दांतच पुढचं ऐकू येतं. चोपड्याकडचा केळीवाला म्हणतो, भुसावळचा रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस म्हणतो, हल्ली तिशीतली मुलंही म्हणतात. म्हणून नानांची गोष्ट सांगते. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. गाव मात्र अमळनेरच ठेवलंय, कारण त्याशिवाय ही गोष्ट कळणार नाही.

नाना तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. अमळनेरात प्रतापशेठांनी १९१६ मध्ये उभं केलेलं तत्त्वज्ञान मंदिर, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची संस्था, आहे. शाळकरी वयात त्या आवारावरून जाताना नानांना नवल वाटायचं, की आत मोठी माणसं नुसती विचार करत बसतात आणि त्यांना कोणी ओरडतही नाही! नोकरी संपली की आपणही असंच जगायचं, हे त्यांनी तेव्हापासून मनात धरलेलं. निवृत्तीनंतरच्या दोन वर्षांत गीता झाली, उपनिषदांची भाषांतरं झाली, मोबाइलवर प्रवचनं झाली. एका निळ्या वहीत सुंदर अक्षरात टिपणं. आणि आता हे.

सोबत आलेल्या काकू एवढंच बोलल्या, “सम्दं शे, पण यास्नं मन कशातच नही.”

झोप, भूक, मरणाचे विचार या गोष्टी मी आधी विचारते. नानांचं तिकडे सगळं ठीक होतं. तुमचं तसं नसेल, पहाटे तीनला जाग येऊन परत डोळा लागत नसेल, जेवण उतरत नसेल, संपवून टाकावंसं वाटत असेल, तर जगण्याच्या अर्थाचा प्रश्न बाजूला ठेवा आणि मनोविकारतज्ज्ञांकडे जा. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, तिथे मराठीत बोलता येतं. त्या दुखण्याला वाचनाचं औषध लागू पडत नाही.

पहिल्या तीन भेटी माझ्यामुळे वाया गेल्या. नाना ज्ञानाची बाजू मांडायचे, मी कर्माची. मलाही अशा वादाची हौस आहे. तिसऱ्या भेटीनंतर जिना उतरताना ते म्हणाले, “मजा आली मॅडम.” तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझ्याकडे येणं हेसुद्धा त्यांच्या वहीतलं आणखी एक पान झालं होतं.

चौथ्या वेळी वही बाहेरच्या बाकावर ठेवायला लावली आणि म्हटलं, “गेल्या रविवारी उठल्यापासून काय केलं ते सांगा. विचार नको, नुसतं घडलं ते.”

चहा, पेपर, अंघोळ, पूजा. मग ओट्यावर वाचत बसले.

“मध्ये कोणी आलं?”

“कोणी नाही. म्हणजे... गल्लीतली एक बाई आली होती. नवरा गेला तिचा. निराधार योजनेचा अर्ज भरून मागत होती. मी म्हटलं, नंतर ये.”

“पहिल्यांदाच आली?”

“तिसऱ्यांदा.” मग जरा घुश्शात, “अहो, आयुष्यभर तेच केलं ना मी! उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला. आता तरी सुटका नको का?”

“बरोबर आहे. वाचत काय होतात तेव्हा?”

नानांनी तोंड उघडलं आणि मिटलं. पंख्याचा आवाज तेवढा राहिला. बऱ्याच वेळाने म्हणाले, “कर्मयोग.”

मला हसू आलं होतं, पण ते ओठांवर येऊ दिलं नाही, हे माझ्या वीस वर्षांच्या अनुभवाचं फळ समजा. अशा वेळी समुपदेशकाने एक शब्द जरी टाकला तरी सगळं विस्कटतं. दोन-तीन मिनिटं गेली असतील. मग नाना आपणहून बोलले, “साने गुरुजीही तत्त्वज्ञान मंदिरातच आले होते शिकायला. तिथे नाही रमले. १९२४ मध्ये आमच्या गावच्या शाळेत मास्तर झाले, छात्रालयातल्या पोरांचं करत बसले.” थोडं थांबून, “हे मला पाठ आहे हो. भाषणात सांगतो मी.”

व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल नाझींच्या छळछावण्यांतून जगून आले. जगण्याचा अर्थ काय, असं आपण आयुष्याला विचारायचं नसतं, आयुष्यच आपल्याला विचारत असतं आणि उत्तर आपण द्यायचं असतं, असं ते सांगत. मी याच वाटेची, हे लपवत नाही. पण आयुष्याचा प्रश्न संस्कृतात येत नाही, हे मला नानांच्या ओट्याने शिकवलं. तो महिन्याला १५०० रुपयांच्या अर्जाच्या रूपात येतो, तोही तीनदा, आणि नेमका आपल्याला नकोसा वाटेल अशा वेळी. आपल्याला येतं काय आणि दारात उभं कोण, एवढंच आधी बघा, असं मी आता प्रत्येकाला सांगते. वाचन सोडा असं मात्र कुणालाच सांगत नाही. चाळीस वर्षं दाखले लिहिणारा हात नानांना ओझं वाटत होता. त्या दिवसापर्यंत दाखले साहेबांच्या सहीसाठी होते, आता दारातल्या माणसासाठी, एवढाच काय तो फरक.

लगेच सगळं पालटलं नाही. त्या बाईचा अर्ज एकदा त्रुटी काढून परत आला तेव्हा नाना दोन दिवस चिडचिडत होते. काकूंनी फोन करून मला सांगितलं, आणि खरं तर त्या खूश वाटल्या.

पुढच्या महिन्यात नानांनीच भेट रद्द केली. “रविवारी नाही जमणार मॅडम. सात जण यायचेत, त्यातल्या तिघांकडे उत्पन्नाचा दाखलाच नाही.”

“आणि निळी वही?”

“मागच्या पानांवर ह्यांची नावं लिहितोय.”

“पुढची पानं?”

“ती पण चालू आहेत. रात्री.”