आजोबांची दुनळी आणि लेथवाला

प्रश्न : काका, नमस्कार. आजोबांची बारा बोअरची दुनळी बंदूक वारसाहक्कानं माझ्याकडे आली, परवानाही माझ्या नावावर झाला. आजोबा म्हणायचे, ‘उजवी लाव्याची, डावी बदकाची.’ मला दोन्ही नळ्यांचा चोक, म्हणजे तोंडाशी असलेला आवळा, मोकळा करून ती तितर-लाव्याला सोयीची करायची आहे. एमआयडीसीत ओळखीचा लेथवाला आहे, तासाभरात करून देतो म्हणतो. करू का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : नका करू. आधी लाव्याचं बोलू, मग लेथवाल्याचं.

तितर, लावा, पखुर्डी, हिप्परग्याच्या तलावावर थंडीत उतरणारी बदकं, यातलं काहीही आज मारता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात काही पक्ष्यांच्या शिकारीला परवाने मिळण्याची वाट होती, १९९१ च्या दुरुस्तीनं तीही बंद झाली. तुमचे आजोबा ज्या माळावर फिरले असतील त्यातला नान्नजकडचा भाग १९७९ पासून माळढोकाचं अभयारण्य आहे. तेव्हा ‘सोयीची’ कशासाठी करायची, हा प्रश्न तुम्हीच स्वतःला विचारा.

पण आजोबांचं वाक्य मात्र शंभर टक्के खरं होतं, आणि ते समजून घेण्यासारखं आहे. नळीच्या तोंडाशी शेवटच्या दोनेक इंचांत भोक किंचित आवळलेलं असतं, तोच चोक. बारा बोअरचं भोक साधारण साडेअठरा मिलिमीटर. पूर्ण चोक म्हणजे त्यात एक मिलिमीटरचा आवळा. अर्धा चोक अर्धा मिलिमीटर, पाव चोक पाव मिलिमीटर. आपल्या पाव-अर्धा-पाऊणच्या हिशेबात हे इतकं चपखल बसतं, की मला कधी पाठ करावं लागलं नाही. सगळा खेळ या एका मिलिमीटरच्या आत.

आवळा जास्त, तितके छर्रे एकत्र राहून लांब जातात. चाळीस यार्डांवर, म्हणजे साडेछत्तीस मीटरवर, तीस इंची वर्तुळात साध्या नळीचे शंभरातले चाळीस छर्रे पडतात, पाव चोकचे पंचावन्न, अर्ध्याचे साठ, पूर्णचे सत्तर. लावा पायाखालून भुर्रकन उठतो, वीस-पंचवीस यार्डांत मारायचा, म्हणून उजवी नळी मोकळी. बदकं उंचावरून लांब जातात, म्हणून डावी आवळलेली. पुढचा चाप उजवीचा, मागचा डावीचा. तितर या दोघांच्या मधला, त्याला पाव ते अर्धा. पखुर्डी वेगानं आणि लांबून जाते, तिला अर्ध्याच्या पुढे. माझ्या लहानपणी, कायद्याच्या आधी, वडिलांनी घाईत डाव्या नळीनं जवळचा लावा मारला होता. पिसं तेवढी हाती आली. आई म्हणाली, ‘आता उशी भरा.’

आता लेथवाला. शस्त्र कायद्यानुसार बंदुकीची दुरुस्ती किंवा बदल करायलाच परवाना लागतो. ओळखीच्या माणसाच्या लेथवर नळी चढवली तर तुम्ही आणि तो, दोघंही अडकाल. नळी आखूड करण्यावर तर वेगळं कलम आहे. आणि दोन इंच कापले की चोक मुळापासून गेला.

परवाना असलेल्यानंही काम बिघडवू नये असं काही नाही. माझ्याच दुनळीची उजवी नळी मी चाळीसेक वर्षांपूर्वी रीतसर दुकानात देऊन मोकळी करून घेतली. रीमर, म्हणजे भोक खरवडायचं हत्यार, मध्यावर बसला नव्हता. भोक एका बाजूला जास्त खरवडलं गेलं, आणि तेव्हापासून ती नळी नेम धरला तिथून वीतभर डावीकडे मारते. दुकानदार म्हणाला, ‘साहेब, तुमचा खांदा.’ खांदा तोच, आणि दुसरी नळी सरळ मारते! काढलेलं पोलाद परत चिकटत नाही. जुन्या नळ्यांची भिंत मुळात पातळ असते, त्यामुळे आत आटे पाडून बदलता येणारे चोक बसवायलाही त्यात जागा नसते.

काही करायचंच असेल तर चाचणी करा, ती परवानगी असलेल्या रेंजवरच. शेतात नाही. मी पूर्वी शेजारच्या मागवाल्याकडून सुताला लावायची खळ वाटीभर आणायचो, जुनी वर्तमानपत्रं तिनं एकमेकांना चिकटवायचो आणि मोडक्या खाटेच्या चौकटीवर ताणायचो. एक काडतूस झाडायचं, मग जिथं भोकं दाट तिथं तीस इंची वर्तुळ. आधी वर्तुळ काढून त्यावर नेम धरू नका, फसाल. प्रत्येक भोकाला पेन्सिलीची टिकली मारत मोजायचं. मी एकदा २७० छर्ऱ्यांच्या काडतुसाचे डाव्या नळीतून १९२ मोजले. म्हणजे एकाहत्तर टक्के, पूर्ण चोक. मोजून मान धरली, पण नळीची ओळख झाली.

पसारा वाढवायचा असेल तर नळीआधी काडतूस बदलून बघा. छर्रे प्लॅस्टिकच्या वाटीत बसवलेलं काडतूस सहसा घट्ट मारतं, फेल्टच्या चकतीचं मोकळं. तेवढ्यानंच पाव चोकचा फरक पडल्याचं मी पाहिलंय. खर्च एका डब्याचा.

आणि आजोबांची आठवण म्हणून चालवायचीच असेल तर नेमबाजीच्या खेळातल्या, हवेत उडवायच्या मातीच्या थाळ्या आहेत. त्याचे दोन प्रकार, स्कीट आणि ट्रॅप. स्कीटला थाळी जवळून जाते, तिथं उजवी. ट्रॅपला ती लांब पळते, तिथं डावी. बिकानेरचं घराणं एकेकाळी गजनेरच्या पखुर्डीच्या शिकारीसाठी गाजलेलं. त्याच घराण्यातल्या करणीसिंहांनी १९६२ ला कैरोच्या जागतिक स्पर्धेत ट्रॅपचं रौप्य आणलं.

प्रश्न : दुकानात सत्तर मिलिमीटरची काडतुसं मिळाली. जुन्या दुनळीत बसतात. चालतील ना?
— तेच वाचक

उत्तर : बसतात, म्हणून तर घोटाळा होतो. काडतुसाची लांबी उघडल्यावरची मोजतात. नळीच्या बुडाशी काडतूस बसतं ती खोबण. पासष्टच्या खोबणीत सत्तरचं बंद काडतूस आरामात जातं, पण झाडल्यावर त्याचं तोंड पुढच्या निमुळत्या भागात उघडतं आणि दाब वाढतो. नळीच्या बुडाशी कोरलेले आकडे वाचा. अडीच इंच दिसलं तर पासष्टचंच वापरा. आकडेच नसतील तर जाणकाराकडून खोबण मोजून घ्या, तोवर बंदूक कपाटात.