वडिलांची वर्दी 'नीट' करून घेण्याआधी

वडिलांची पदके आणि वर्दी यांविषयीचा आपला प्रश्न वाचताना सात वर्षांपूर्वीची माझीच अवस्था आठवली. वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, त्यांच्यामागे ट्रंकेत सापडलेला वर्दीचा एकच जोड, बेळगावला रेजिमेंटच्या 4 फेब्रुवारीच्या मेळाव्याचे आमंत्रण, आणि त्यातून पडलेले दोन प्रश्न: पदके कोणत्या बाजूला लावायची, आणि वर्दी काचेच्या पेटीत ठेवण्याआधी 'आजच्या नियमाप्रमाणे' दुरुस्त करून घ्यावी का. पहिल्याचे उत्तर थोडक्यात देते. दुसऱ्या बाबतीत माझे जे गेले ते परत आलेले नाही, त्यामुळे त्यावरच अधिक लिहीत आहे.

स्वतः मिळवलेली पदके डाव्या छातीवर आणि घरातल्या दिवंगत माणसाची उजव्या छातीवर, असा रिवाज आहे. युद्धस्मारकावर मानवंदना देताना जवळच्या नातलगांनी ती उजवीकडे लावण्यास सेनेनेही मुभा दिलेली आहे. इतर कार्यक्रमांसाठी मात्र यजमान पलटणीला आधी विचारून घ्यावे. 1768 साली उभी राहिलेली जंगी पलटण, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण, आणि स्वातंत्र्यानंतर उभारलेली एखादी पलटण यांचे बारीकसारीक रिवाज एकच असतील, असे धरून चालू नये. घरातील कोणी साडी नेसून जाणार असेल तर एक सांगते. पदर डाव्या खांद्यावर असल्याने उजवी बाजू मोकळी मिळते हे खरे, पण सहा पदकांचा बार जड असतो आणि ब्लाउजचे कापड त्याच्या वजनाने खाली ओढले जाते. मी आतून कॅनव्हासचा तुकडा शिवून घेतला होता.

आता वर्दीविषयी. वडिलांच्या ऑलिव्ह ग्रीन शर्टावर डाव्या खिशाच्या वर पदकांच्या रंगीत फितींची पट्टी होती, आणि तिच्या खाली पदकांचा बार अडकवण्यासाठी त्यांनी स्वतः शिवलेली दोन दोऱ्याची आकडी होती. खांद्यावर सुभेदाराचे दोन तारे आणि जेसीओंची (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर या हुद्द्यांची) लाल-पिवळी-लाल पट्टी होती, जिच्यातला लाल रंग विटून विटेसारखा झाला होता. हे सारे मला 'खराब झालेले' वाटले. सैनिकी सामान विकणाऱ्या एका दुकानात तो शर्ट देऊन 'सगळे नियमाप्रमाणे करून द्या' एवढेच मी सांगितले, आणि हीच माझी चूक. आठवड्याने शर्ट हातात आला तेव्हा तारे चकचकीत होते, उजव्या खिशावर नावाची नवी पाटी होती, आकडी उसवून टाकलेली होती आणि जुन्या फितींच्या जागी तयार पट्टी शिवलेली होती. जुने सामान कुठे आहे, असे विचारले तर "सडलेलं होतं बाई, टाकून दिलं," असे उत्तर मिळाले.

ती वर्दी मी मेळाव्यात मोठ्या अभिमानाने दाखवली. वडिलांच्या बरोबरीच्या एका वृद्ध सुभेदारांनी ती बराच वेळ पाहिली आणि हळूच विचारले की सातवी फीत कशाची आहे. ती स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवाच्या पदकाची होती. ते पदक 1997 सालच्या सेवेतल्या जवानांसाठी होते आणि वडील 1978 मध्ये घरी आले होते. न मिळवलेले पदक मी त्यांच्या छातीवर चढवले होते, आणि वडिलांसारख्या काटेकोर माणसाच्या बाबतीत याहून मोठा अपमान मला सुचत नाही.

त्यानंतर त्या काळच्या वर्दीचा नियम मिळवण्यासाठी मी एका कार्यालयात तीन वेळा गेले. अर्जात मी स्पष्टपणे '1971 च्या सुमाराची वर्दी' असे लिहिले होते. पहिल्या खेपेस अर्जाचा नमुना चुकीचा ठरला, दुसऱ्या खेपेस संबंधित गृहस्थ रजेवर होते, आणि तिसऱ्या खेपेस चालू नियमांची झेरॉक्स हाती ठेवून 'वर्दी म्हणजे वर्दीच ना' असे ऐकवण्यात आले. अशा ठिकाणी भांडून उपयोग होत नाही, हे मला कळते. राग मात्र अजून गेलेला नाही.

म्हणून माझे मत, आणि हे केवळ माझे मत आहे, असे की 'योग्य वर्दी कोणती' असे न विचारता 'कोणत्या सालची' असे विचारावे. 1965 पर्यंत नायब सुभेदाराला जमादार म्हणत. 1950 पूर्वीच्या अधिकाऱ्याच्या खांद्यावर ब्रिटिश मुकुट असे, त्यानंतर तिथे अशोकस्तंभाचे सिंह आले. 2022 च्या प्रजासत्ताक दिनी तर सेनेने निरनिराळ्या दशकांच्या वर्द्या आणि त्या त्या काळच्या बंदुका घेऊन तुकड्या राजपथावर चालवल्या. ऑगस्ट 2023 पासून ब्रिगेडियर आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांची वर्दी सर्व रेजिमेंटांसाठी एकच झाली आणि त्यांच्या खांद्यावरचा आपापल्या रेजिमेंटचा लॅनयार्ड, म्हणजे रंगीत गुंफलेली दोरी, गेला. अनेक रेजिमेंटांचे जवान हाताखाली असणाऱ्या अधिकाऱ्याने एकाच रेजिमेंटचा रंग मिरवू नये, हा विचार मला पटतो, तरी जुन्या मंडळींना चुटपुट लागते तीही समजते. पण यातला कोणताही बदल आपल्या वडिलांच्या शर्टावर मागाहून शिवायचा नसतो.

पदकांना ब्रासो (पितळ चमकवायचे पॉलिश) लावू नका. पदकाच्या कडेला क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेले असते, आणि वर्षानुवर्षे घासले तर ते पुसट होत जाते. 2022 मध्ये आलेल्या सेनेच्या नव्या कॉम्बॅट (लढाईच्या) वर्दीच्या छापाचे कपडे नातवंडांना हौसेने शिवू नका. ते कापड खुल्या बाजारासाठी नाही, आणि आपण सैनिक आहोत असे भासवण्यासाठी वर्दी घालणे हा गुन्हा आहे. मी वकील नाही, तेव्हा शंका असल्यास जाणकाराला विचारावे.

शर्ट शिंप्याकडे द्यायचाच असेल तर आधी पुढून, मागून आणि प्रत्येक टाक्याचा जवळून फोटो काढा, 'एकही जुनी वस्तू टाकायची नाही' असे पावतीवर लिहून घ्या, आणि पेटीतली पदके मोजून तितक्याच फिती आहेत ना, ते स्वतः पाहा. वडिलांचा सेवेत असतानाचा फोटो मेळाव्याला बरोबर न्या आणि तो कार्यालयातल्या कोणाला न दाखवता मागच्या रांगेत बसलेल्या म्हाताऱ्यांना दाखवा. माझी सातवी फीत त्यांच्यापैकीच एकाने तिथल्या तिथे खिशातल्या छोट्या कात्रीने उसवून दिली.