साइड मार्कर: अर्थाचा अनर्थ

गाडीच्या कडेला हौसेनं बसवलेल्या मार्कर दिव्यांबद्दल पुन्हा पत्रांचा ढीग साचला आहे. मजकूर वेगवेगळा, रड एकच: ‘मीटरवर बारा व्होल्ट येतात, तरी दिवा लागत नाही.’ एकेकाला वेगळं लिहिण्यापेक्षा या वेळी सगळ्यांना एकदम उत्तरं देतो. नावं मुद्दाम गाळली आहेत. काहींनी केलेले प्रताप पाहता त्यांनाही तेच बरं वाटेल.

प्रश्न: चार एलईडी मार्कर बसवले. तीन लागतात, चौथा नवा कोरा असूनही लागत नाही. दुकानदार बदलून द्यायला तयार नाही.

दिवा होल्डरमधून काढा, उलटा फिरवून परत बसवा. एलईडीला प्लस-मायनस असतं, फिलामेंटच्या दिव्याला नसतं. तरीही लागला नाही, तर लागणाऱ्या तिघांपैकी एक तिथं लावून बघा आणि मगच दुकानदाराशी भांडा.

प्रश्न: डाव्या बाजूचा मार्कर मंद लागतो. इंडिकेटर दिला की पार्किंगचा दिवाही हलकासा लुकलुकतो. दिवा काढून होल्डरवर मीटर लावला तर १२.४ व्होल्ट येतात, म्हणजे वायरिंग ठीक आहे. तीन वेळा दिवे बदलले. आता कुठल्या ब्रँडचा घ्यावा?

कुठल्याच नाही. तुमच्या गाडीचा अर्थ, म्हणजे पत्र्यातून बॅटरीच्या मायनसकडे जाणारी प्रवाहाची परतीची वाट, गेला आहे. तीन दिव्यांचे पैसे पाण्यात गेले ते ‘म्हणजे वायरिंग ठीक आहे’ या एका वाक्यामुळे.

जरा बैजवार सांगतो, कारण निम्मी पत्रं इथंच अडतात. डिजिटल मीटर व्होल्ट मोजताना वायरीतून जवळजवळ काहीच ओढत नाही. त्याचा आतला रोध साधारण १ कोटी ओहम असतो, म्हणजे बारा व्होल्टला जेमतेम अँपिअरचा दहा लाखावा भाग. एवढ्यासाठी वायरीची एक तार शाबूत असली, किंवा गंजलेल्या बोल्टचा कोपरा कुठं टेकलेला असला, तरी पुरतं. मीटर खुशाल १२.४ दाखवतो. दिव्याची भूक मोठी असते. ५ वॉटच्या साध्या दिव्याला सुमारे ०.४ अँपिअर लागतात. अर्थाच्या बोल्टपाशी गंजामुळे दहाच ओहमचा अडथळा असला, तरी तीनेक व्होल्ट तिथंच खर्ची पडतात आणि दिव्याचा उजेड निम्म्याहूनही कमी होतो. दिवा काढून व्होल्ट मोजणं म्हणजे माणूस झोपलेला असताना त्याची ताकद मोजणं.

मोजायचं ते दिवा लावून. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या मायनसवर, लाल पिन दिव्याच्या मायनसच्या वायरीवर, होल्डरच्या अगदी जवळ. दिवा चालू असताना आकडा ०.१ व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी हवा. दोन-तीन व्होल्ट आले, तर ते अर्थानं खाल्ले. आणि साधा फिलामेंटचा दिवा विझलेला असून तिथं पूर्ण बारा दिसले, तर अर्थ तुटलाच आहे. याच पद्धतीनं प्लसची बाजूही तपासता येते: लाल पिन बॅटरीच्या प्लसवर, काळी दिव्याच्या प्लसवर.

पार्किंगचा दिवा इंडिकेटरबरोबर लुकलुकतो, याचंही मूळ तेच. एका बाजूच्या सगळ्या दिव्यांचा अर्थ बऱ्याचदा एकाच बोल्टवर असतो. तो खराब झाला की इंडिकेटरचा प्रवाह परतीची वाट शोधत शेजारच्या पार्किंगच्या फिलामेंटमधून घुसतो. भलताच दिवा भलत्या वेळी लागला, तर आधी अर्थाकडे बघा. ‘गाडीचा कॉम्प्युटर गेला’ असं सांगून कुणी मोठं बिल पुढं करत असेल, तर त्याला आधी हे मोजून दाखवायला सांगा.

माझ्याकडे मागे अशीच एक गाडी आली होती. मालकानं बोल्ट बदलला होता, लग (वायरीच्या टोकाला बसवलेली, बोल्टखाली आवळायची धातूची कडी) बदलला होता, वायर नवी टाकली होती, सगळं चकचकीत. बोल्ट काढून बघितला तर लगच्या खाली फेंडरचा रंग जसाच्या तसा. रंगातून वीज जात नाही हो! बोल्टच्या आट्यांमधून जेवढी जायची तेवढीच जात होती. नाण्याएवढी जागा पॉलिश पेपरनं घासून पत्रा उघडा केला, लग दाबून आवळला, वरून गंजरोधक ग्रीस लावलं. पाच मिनिटांचं काम. मालकानं त्यावर दोन रविवार घालवले होते.

तुमच्याकडेही हेच निघेल असं इथं बसून छातीठोक सांगत नाही. लगपाशी वायर सोलल्यावर ती आत हिरवी पडलेली दिसली, तर हिरवा भाग संपून लालसर तांबं दिसेपर्यंत ती कापावी लागते, आणि कधी हा हिरवेपणा हातभर आत गेलेला असतो. तसं असेल तर ऑटो इलेक्ट्रिशियनला दाखवा.

प्रश्न: मार्करला दोनच वायरी आहेत. आधी पार्किंग चालू असताना मार्कर इंडिकेटरच्या बरोबर उलटा लुकलुकायचा. पुढच्या इंडिकेटरला एलईडी टाकले, तेव्हापासून पार्किंग लावलं तरी मार्कर बंदच. एकानं सांगितलं मार्करची वायर जळाली.

काही जळालेलं नाही. त्या दोन वायरींतली एक पार्किंगच्या प्लसला आणि दुसरी इंडिकेटरच्या प्लसला गेली आहे. मार्करला स्वतःचा अर्थ नव्हताच, तो शेजाऱ्यांच्या दारातून घरी जात होता. पार्किंग चालू असताना प्रवाह मार्करमधून जाऊन इंडिकेटरच्या फिलामेंटवाटे अर्थाला मिळायचा. ते फिलामेंट २१ वॉटचं. ५ वॉटच्या दिव्यातून येणाऱ्या एवढ्याशा प्रवाहानं ते उजळत नाही, नुसती वाट देतं. इंडिकेटरचा ठोका पडला की मार्करच्या दोन्ही टोकांना बारा-बारा व्होल्ट, फरक शून्य, म्हणून दिवा विझायचा. ठोका गेला की पुन्हा लागायचा. ‘उलटा लुकलुकतो’ ही तक्रार घेऊन आजही लोक येतात. तो बिघाड नाही, रचनाच तशी असते.

तुम्ही इंडिकेटरला एलईडी टाकलात आणि ती वाट बंद झाली. सरळ उपाय म्हणजे इंडिकेटरला मूळचा दिवा परत लावा. मार्करमध्येही एलईडी हवा असेल, तर दोन्ही दिशांनी चालणारा घ्या, कारण इथं प्रवाहाची दिशा बदलत राहते आणि साधा एलईडी दोनपैकी एकाच वेळी लागेल.

दुसरा उपाय दोन डायोडचा. डायोड प्रवाहाला एकाच दिशेनं जाऊ देतो. मार्करला वेगळा अर्थ द्यायचा आणि पार्किंग व इंडिकेटर दोन्हीकडून एकेका डायोडमधून प्लस आणायचा, डायोडवरचा पट्टा मार्करच्या बाजूला. १ अँपिअरचा १एन४००७ याला पुरतो. डायोड न घालता त्या दोन वायरी पिळून एकत्र केल्यात, तर इंडिकेटरबरोबर गाडीचे सगळे पार्किंग दिवे नाचतील. असे नाच मी पाहिले आहेत. डायोडच्या जोडणीतली खोट व्हिडिओवाले सांगत नाहीत: पार्किंग चालू असताना मार्कर सतत लागलेला राहतो, लुकलुकत नाही. रात्रीही लुकलुकायला हवा असेल तर वेगळं मॉड्यूल लागतं. ते जाणकाराकडूनच बसवून घ्या.

प्रश्न: मार्कर बसवल्यापासून पार्किंगचा १० अँपिअरचा फ्यूज उडतो. ओळखीच्या मेकॅनिकनं २० चा टाकायला सांगितला. चालेल का?

नाही. फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायरीसाठी असतो. दहाच्या जागी वीसचा टाकला की फ्यूज टिकेल आणि वायर तापेल. चार एलईडी मार्कर मिळून अर्धा अँपिअरही घेत नाहीत, त्यांच्या भारानं दहाचा फ्यूज उडणं शक्य नाही. कुठंतरी प्लसची वायर पत्र्याला टेकली आहे. बंपरच्या स्क्रूखाली, किंवा पत्र्याच्या भोकातून रबरी ग्रोमेट न घालता ओढलेल्या जागी आधी बघा. वायर सोलून पिळून काळी पट्टी गुंडाळलेला जॉइंट असेल, तर तिथंही बघा. उन्हात त्या पट्टीचा गोंद सुटतो आणि जॉइंट उघडा पडतो. चिमटीत दाबून बसवायचे ते ‘झटपट’ कनेक्टरही मला पटत नाहीत. त्यांचं पातं वायरीच्या चार तारा कापतं आणि पाण्याला वाट करून देतं. क्रिम्प करा, म्हणजे धातूच्या छोट्या नळीत वायरी घालून ती पक्कडीनं दाबा, आणि वरून गोंदवाली हीट-श्रिंक नळी चढवा.

प्रश्न: ‘कॅनबस’ (म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला चालतील असे) लिहिलेले महागडे एलईडी घेतले, तरी इंडिकेटर भराभर लुकलुकतो. विक्रेता आता रेझिस्टर घ्या म्हणतो.

आधी दिवा विकला, आता त्याचं औषध विकतो आहे. मार्कर वाढवल्यानं असं होत नाही. तुम्ही मुख्य इंडिकेटरचा २१ वॉटचा दिवा काढून तिथं एलईडी लावला असणार. प्रवाह घटला की गाडीला वाटतं दिवा उडाला, म्हणून वेग वाढतो. ही तुम्हाला सावध करायची सोय आहे. ‘कॅनबस’ दिव्यात बहुधा आतच एक रेझिस्टर घातलेला असतो, आणि तो दिव्यालाच भाजतो.

बाहेरून लावायचा रेझिस्टर साधारण ६ ओहम, ५० वॉटचा येतो. इंजिन चालू असताना तो पेटलेल्या प्रत्येक क्षणी तीसेक वॉटची नुसती उष्णता काढतो. हॅझर्ड लावून गाडी अर्धा तास उभी केलीत, तर हात लावायची सोय राहत नाही. तो प्लॅस्टिकवर किंवा हार्नेसला (वायरींच्या जुडग्याला) टायनं बांधून चालत नाही, पत्र्यावरच बसवावा लागतो. फ्लॅशर रिले (इंडिकेटर लुकलुकवणारा डबा) वेगळा असलेल्या गाडीत एलईडीला चालणारा फ्लॅशर टाकणं बरं. नव्या गाडीत हे काम कंट्रोल मॉड्यूलकडे असतं, तिथं काही लावण्याआधी अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा. वॉरंटीचंही तेव्हाच विचारून घ्या.

प्रश्न: पट्टीवाला मार्कर आहे. मधले तीन एलईडी बंद, बाकीचे चालू. वायर कुठं तुटली?

वायर नाही, पट्टीच गेली. बारा व्होल्टच्या पट्टीत तीन-तीन एलईडींचा गट असतो, एक मेला की तिघं जातात. पांढऱ्या एलईडीच्या गटाला नऊ-सव्वानऊ व्होल्ट लागतात, उरलेले रेझिस्टर झेलतो. इंजिन चालू असताना गाडी बारा नव्हे, सव्वाचौदापर्यंत व्होल्ट देते. रेझिस्टरवरचे पावणेतीन व्होल्ट पाचावर जातात आणि प्रवाह जवळपास दुप्पट होतो. घर सजवायची पट्टी गाडीला लावली की हे होणारच. गाडीसाठी बनवलेला, आत रेग्युलेटर असलेला मार्कर घ्या.

प्रश्न: निळे मार्कर चालतील का?

लावू नका. रंगाचे नियम तुमच्या भागातल्या वाहन नोंदणी कार्यालयात विचारा, दुकानात नव्हे.

प्रश्न: गाडी लॉक केल्यावरही मार्कर अगदी मंद लागलेले दिसतात.

दिवा शाबूत आहे का हे बघायला कंट्रोल मॉड्यूल मधूनमधून बारीकसा प्रवाह सोडतं. फिलामेंटला त्यानं काही होत नाही, एलईडी तेवढ्यावरही मिणमिणतो. काही वेळानं विझत असेल तर सोडून द्या. रात्रभर राहत असेल, तर बॅटरीतून किती जातं हे मोजून घ्या. गाडी पूर्ण झोपल्यावर, म्हणजे कधीकधी अर्ध्या तासानं, ५० मिलिअँपिअरपेक्षा जास्त जात असेल तर प्लस चुकीच्या जागेवरून घेतला आहे. आणि शोधाशोध करताना पिवळ्या आवरणाच्या किंवा पिवळ्या कपलरच्या वायरींना हात लावू नका, त्या एअरबॅगच्या असतात.

प्रश्न: पंधरा दिवसांपासून ड्रायव्हरच्या बाजूच्या मार्करपाशी जळका वास येतो. दिवे मात्र व्यवस्थित लागतात. वायर किती जाडीची घ्यावी?

पंधरा दिवस? वायरीच्या जाडीचं नंतर बघू. बॅटरीचा मायनस आत्ता काढा आणि परत लावू नका. गाडी भिंतीपासून, दुसऱ्या गाड्यांपासून दूर ढकलून ठेवा. चालवत गॅरेजला नेऊ नका, इलेक्ट्रिशियनला गाडीपाशी बोलवा. तो आला की त्याला पहिल्यांदा फ्यूज दाखवा. मूळचाच आहे की कुणी बदलला, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही.